रात्रीच्या भटकंतीसाठी टॉर्च घेताना : आधी सर्वांत मंद उजेड बघा

मागच्या भागात आपण पावसाळ्यातल्या बेडकांच्या आवाजांबद्दल बोललो. त्यानंतर बरेच निरोप आले, आणि गंमत म्हणजे बेडकांबद्दल त्यातले फारच थोडे. बाकीचे सगळे एकच विचारत होते. ‘दादा, रात्री प्राणी बघायला कुठली टॉर्च घेऊ?’ ‘हजार ल्युमेन पुरतील का?’ ‘दोन हजारवाली सेलमध्ये मिळतेय, घेऊन टाकू का?’

म्हणून आजचा भाग टॉर्चवर. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात आणि हा भाग तुम्ही कदाचित दोन वर्षांनी ऐकत असाल. पण दुकानात किंवा मोबाईलवर टॉर्च बघताना नेमकं काय बघायचं, ते सांगतो. त्याआधी मी केलेली एक चूक सांगतो. दोन हजार ल्युमेनवाल्यांनी ती ऐकूनच पैसे भरावेत.

सावंतवाडी तालुक्यातली एक वाडी. जुलै महिना. संध्याकाळपासून पाऊस, मग थोडी उघडीप. आम्ही चौघं आणि बरोबर वाडीतले एक काका. वहाळाच्या काठानं चाललो होतो आणि काकांनी हातानंच थांबायची खूण केली. पाण्यावर झुकलेल्या बारीक फांदीवर तिबोटी खंड्या झोपलेला होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा चिमणीपेक्षाही लहान खंड्या. पावसाळ्यात कोकणात वीण करायला येतो. पिवळा, नारिंगी, जांभळा, निळा असे सगळे रंग एकाच पक्ष्यात. झोपलेला असला की पिसं फुगवून लिंबाएवढा गोळा झालेला असतो. आमच्यापासून फार तर तीन मीटरवर.

काकांच्या हातात जुनी दोन सेलची बॅटरी. कोकणात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. तिच्या काचेवर त्यांनी बोटं धरली होती आणि बोटांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तो पक्षी दिसत होता. अगदी नीट दिसत होता. पण मला फोटो पाहिजे होता. माझ्या हातात नवीन टॉर्च, आठवडाभरापूर्वी घेतलेली. मी बटण दोनदा दाबलं आणि टर्बो लावला.

पक्षी दचकून उडाला. सरळ उजेडाच्या कडेनं काळोखात घुसला. पलीकडच्या झाडीत कशाला तरी आपटल्याचा बारीक आवाज आला आणि मग काही नाही. आम्ही पंधरा मिनिटं शोधलं. तेवढ्यात पुन्हा पाऊस सुरू झाला. काका एवढंच म्हणाले, “आता ह्या काळोखात ता पाखरू खंय बसतला?”

दिवसा उडणाऱ्या पक्ष्याला रात्री आपल्यासारखंच धड दिसत नाही. त्याने संध्याकाळी उजेड असताना जागा निवडलेली असते. सापाला सहज चढता येणार नाही अशी बारीक फांदी, वर पानांचं छप्पर. तिथून त्याला उठवलं की त्याला दुसरी जागा शोधायला उजेडच नसतो. त्या खंड्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चांगलंच झालं असेल असं मी स्वतःला सांगत नाही.

घरी आल्यावर टॉर्चचं खोकं काढलं. त्यावर ल्युमेनचा आकडा मोठ्या अक्षरांत होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 18,000 कॅन्डेला. हा आकडा फारसं कोणी वाचत नाही. पण आपल्या कामाचा आकडा हाच. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळीकडे मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो. कॅन्डेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती तीव्र आहे. एकाच ल्युमेनची एक टॉर्च पसरट उजेड देईल, दुसरी भाल्यासारखा लांब झोत टाकेल.

कॅन्डेला कळला की हिशेब सोपा आहे. अंतराच्या वर्गाने भागायचं, समोरच्या वस्तूवर किती लक्स उजेड पडतो ते कळतं. मी 3 मीटरवर होतो. तीनाचा वर्ग नऊ. 18,000 भागिले 9, म्हणजे 2,000 लक्स. ऑफिसात टेबलावर काम करायला साधारण 500 लक्स उजेड असतो. आणि स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेचा उजेड असतो साधारण पाव लक्स. म्हणजे ढगाळ रात्रीच्या मिट्ट काळोखात झोपलेल्या लिंबाएवढ्या जिवावर मी पौर्णिमेच्या आठ हजारपट उजेड मारला होता. फोटोसाठी. फोटोही हललेला आला.

मग मी उलटा हिशेब केला, आणि तिथून माझं टॉर्च निवडायचं गणितच बदललं. तीच टॉर्च 2,000 ऐवजी 2 ल्युमेनवर चालवली असती तर? उजेड हजारपट कमी. 3 मीटरवर 2 लक्स. तरीही पौर्णिमेच्या आठपट! पौर्णिमेच्या रात्री आपल्याला पायवाट दिसते, समोरच्याचा चेहरा ओळखता येतो. मग आठपट उजेडात फांदीवरचा पक्षी दिसणार नाही का? दिसतोच. फक्त आपले डोळे अंधाराला सरावलेले पाहिजेत. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका टर्बोच्या झगमगाटात ती सगळी कमाई जाते. चौघांपैकी एकाने टर्बो लावला की चौघंही आंधळे.

पण त्या टॉर्चमध्ये 2 ल्युमेन नव्हतेच. तिचा सगळ्यात मंद उजेड होता 80 ल्युमेनचा. म्हणून माझा पहिला सल्ला असा की कुठलीही टॉर्च बघताना सगळ्यात वरचा आकडा सोडा, सगळ्यात खालचा बघा. 1 ते 5 ल्युमेनच्या दरम्यान एक पायरी हवीच. त्यानंतर 30–60 ची एक, चालायला. 150–300 ची एक, लांबवर शोधायला. वर 600 ते 1,000 असले तर असू देत, अडीअडचणीला उपयोगी पडतात. आणि महत्त्वाचं म्हणजे टॉर्च चालू करताना ती मंद उजेडानेच चालू करता आली पाहिजे. काही टॉर्च पहिल्या दाबाला थेट सगळ्यात प्रखर उजेड देतात, मग दाबत दाबत खाली यायचं. काहींत मध्येच लुकलुक लागते, ती पोलिसांच्या गाडीसारखी. जंगलात हे अजिबात नको. विकत घेण्याआधी बटणाचा क्रम विचारा. ऑनलाइन घेत असाल तर माहितीपुस्तिका आधी वाचा.

आता एक शंका येईल. 2 ल्युमेनमध्ये प्राणी सापडणार कसा? बरोबर आहे. शोधायचा उजेड वेगळा आणि बघायचा उजेड वेगळा.

रात्री प्राणी सापडतो तो मुख्यतः डोळ्यांच्या चमकेमुळे. बिबट्या, उदमांजर, सांबर, रातवा, लाजवंती अशा अनेकांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. आत गेलेला उजेड तो परत फेकतो, आणि ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं फेकतो. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर करतो तसंच. त्यामुळे टॉर्च कमरेपाशी धरली तर चमक कमरेकडे जाते, तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. टॉर्च कानशिलाला लावा, डोळ्याच्या अगदी शेजारी, आणि मग झाडीवरून सावकाश फिरवा. घरी मांजर असेल तर आजच रात्री करून बघा. टॉर्च छातीपाशी धरा आणि मग कानशिलापाशी. फरक लगेच कळेल.

लहान टॉर्च पाहिजे ती याचसाठी. खिशात मावते म्हणून नाही. रात्रभरात दोनशे वेळा हात कानशिलापर्यंत न्यायचा आहे. त्या हातात अर्धा किलोचा सर्चलाइट असेल तर तासाभरात तुम्ही कमरेवरून उजेड मारायला लागाल आणि म्हणाल, आज काही दिसलं नाही बुवा.

कोळ्यांचे डोळेही असे चमकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गवतात जमिनीलगत निळसर-हिरवे ठिपके दिसतात, दव पडल्यासारखे. टॉर्च डोळ्यापासून लांब नेली की दवाचे थेंब चमकत राहतात, कोळ्याचा ठिपका विझतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी एका शेताच्या बांधावर अर्धा तास नुसता कोळी मोजत बसलो होतो.

पण या चमकेवर सगळं सोडू नका. सापांच्या डोळ्यांत हा थर नसतो. रानडुकराच्याही नसतो. म्हणजे ज्यांच्यापासून तुम्हाला खरोखर जपायचं आहे, ते चमकून सांगणार नाहीत. त्यांच्यासाठी पायापुढे पसरट उजेड पाहिजे आणि त्यात रंग खरे दिसले पाहिजेत.

इथे माझ्या त्याच्याही आधीच्या टॉर्चची गोष्ट येते. आठवडी बाजारात घेतलेली, पुढचा भाग मागेपुढे सरकवून झूम करायची. झूम केलं की भिंतीवर उजेडाचा पिवळट चौकोन पडायचा. सेलवर छापलेलं होतं 9,900 एमएएच. सड्यावर, म्हणजे कातळावर, आम्ही तिघं चाललो होतो. जेमतेम पाऊण तास झाला असेल, उजेड निळा पडत पडत गेला आणि बंद. पाऊस त्या सरकत्या कड्यातून आत गेला होता, हे नंतर कळलं. अंधारात मी सेल काढून पुसायला खाली वाकलो. काकांनी, हेच वर सांगितलेले काका, खसकन माझा दंड धरून मागे ओढलं आणि आपली बॅटरी खाली मारली. वीतभर पुढे जांभ्या दगडाला चिकटून फुरसं बसलं होतं. दगडाच्याच रंगाचं. “बॅटरी पायाकडे मार रे झिला. जनावर आभाळात नसता.” रात्री तिकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात.

फुरसं हे आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. आकारानं लहान, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तेव्हापासून दोन गोष्टी मी सोडत नाही. खोट्या सेलची टॉर्च घेत नाही. आणि माझ्याकडे एक नाही, दोन टॉर्च असतात. दुसरी अगदी बोटाएवढी का असेना, ती गळ्यात.

सेलचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. आजच्या बहुतेक चांगल्या लहान टॉर्चमध्ये 18650 नावाचा सेल असतो. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. एवढ्याशा नळीत साधारण 3,500–3,600 एमएएचच्या वर क्षमता बसत नाही. त्यामुळे त्याच आकारावर 6,800, 9,900 असं छापलेलं दिसलं की तिथेच खाली ठेवा. याहून थोडा जाड 21700 येतो, त्यात 5,000 च्या आसपास बसतात. माझं मत विचाराल तर रात्रभराच्या कामाला 18650 पुरतो आणि हाताला हलका पडतो. चांगल्या सेलवर 100 ल्युमेनचा उजेड ढोबळमानाने आठ-दहा तास मिळतो. 1,000 ल्युमेन लावलेत तर जेमतेम तास, आणि तोही कागदावर. कारण लहान टॉर्च दोन-चार मिनिटांत चटका बसेल इतकी तापते आणि मग स्वतःच उजेड कमी करते. दोन हजार ल्युमेनवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. तुम्ही पैसे देता ते पहिल्या दोन मिनिटांचे.

खोक्यावरच्या वेळेचाही असाच प्रकार आहे. ‘चार तास चालते’ याचा प्रचलित मापाप्रमाणे अर्थ असा की उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर यायला चार तास लागतात. चारही तास तोच उजेड मिळेल असं नाही. आणि ‘160 मीटर पोच’ याचा अर्थ 160 मीटरवर तुम्हाला ससा दिसेल असा नाही. तिथे पौर्णिमेइतका, म्हणजे पाव लक्स उजेड पडेल, एवढंच. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की हा आकडा येतो. 6,400 कॅन्डेलाचं वर्गमूळ 80, दुप्पट 160. खरोखर काही ओळखू येईल असं अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं धरा. आपल्या झाडीच्या जंगलात तेवढं भरपूर झालं. पन्नास मीटर मोकळी नजर जाते कुठे? म्हणून 5,000 ते 10,000 कॅन्डेला मला बरोबर वाटतात. माळरानावर फिरत असाल तर जास्त घ्या, हरकत नाही.

आंबोलीसारख्या ठिकाणी तर जास्त घेऊन उलट तोटाच. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलै-ऑगस्टात घाटमाथ्यावर धुकं असं की हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. प्रखर झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डोक्याला बांधायचा हेडलॅम्प चमक शोधायला उत्तम, कारण तो डोळ्याजवळच असतो. पण धुक्यात त्याच कारणाने तो निकामी, सगळं धुकं डोळ्यांसमोरच उजळतं. शिवाय पावसाळ्यात रात्रीचे किडे थेट तोंडावर येतात ते वेगळंच. मी हेडलॅम्प गाडीत ठेवतो, टायर बदलायला. धुक्यात हातातली टॉर्च कमरेच्या खाली धरायची आणि उजेड कमी करायचा. बाईकवाल्यांना हे सांगायला नको.

रंगाचं थोडक्यात. बाजारातली बहुतेक स्वस्त टॉर्च निळसर पांढरा उजेड देते. त्यात पाचोळा, दगड आणि त्यावरचं जनावर सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. 4,000 ते 5,000 केल्विनच्या दरम्यानचा उजेड घ्या आणि सीआरआय 90 किंवा वर असेल तर पहिली पसंती तिला. दिवे तेच, आकडे थोडे कमी असतात, किंमत जरा जास्त. पण आंबोलीत हिरव्या पानावर बसलेला हिरवा चापडा मला अशा उजेडात वेगळा दिसला. जुन्या टॉर्चमध्ये मी त्याच झुडपासमोरून दोनदा गेलो होतो.

लाल उजेडाबद्दलही विचारणा होती. अनेक सस्तन प्राण्यांना गडद लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळे उदमांजरासारखा प्राणी लाल उजेडात जास्त वेळ थांबतो, हे खरं. पण लाल उजेडात तुम्हालाही रंग कळत नाहीत आणि चालताना साप ओळखणं अवघड जातं. असली सोय टॉर्चमध्ये तर चांगलंच, पण त्यासाठी पाय धोक्यात घालू नका. विंचू बघायचे असतील तर 365 नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च वेगळी मिळते, विंचू तिच्यात हिरवट-निळा उजळतो. त्यावर कधीतरी स्वतंत्र भाग करू.

पाण्यासाठी आयपीएक्स 7 किंवा 8 बघा. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे, कोकणातला पाऊस नव्हे. मागच्या झाकणाच्या आट्यांवर रबराचं कडं असतं, त्याला सिलिकॉन ग्रीसचं एक बोट वर्षातून दोनदा लावा. व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्यानं फुगतात. आणि बॅगेत ठेवताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करा. बऱ्याच टॉर्चमध्ये त्यानं जोडणी तुटते आणि बॅगेतल्या बॅगेत ती चालू होऊन रेनकोटला भोक पडत नाही. माझ्या पडलंय.

अजून एक, हे टॉर्चचं नाही पण टॉर्चमुळेच होतं. गावाकडे रात्री शेताडीत झोत फिरताना दिसला की लोकांना पहिली शंका येते शिकारीची. ससे, डुक्कर उजेडानं दिपवून मारतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे जायच्या आधी पोलीस पाटलांना किंवा ओळखीच्या घरी सांगून ठेवा. गावातलं कोणी बरोबर असेल तर उत्तम. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री पाऊल टाकायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि रस्त्यावर रातवा बसलेला दिसला तर त्याच्यावर झोत धरून उभे राहू नका. तो दिपून तिथेच बसून राहतो आणि मागून गाडी येते.

सध्या माझ्याकडे जी टॉर्च आहे ती बारा सेंटीमीटरची, एका 18650 वर चालणारी. सगळ्यात खाली 2 ल्युमेन, सगळ्यात वर 900. वरची पायरी मी गेल्या पावसाळ्यात दोनदा वापरली, दोन्ही वेळा वाट चुकल्यावर. दुकानातून घेतलीत तर मालकाला सांगून शटर अर्धं ओढून घ्या, किंवा मागच्या गोदामात जा आणि तिथे मंद उजेड लावून बघा. भर दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये 2 ल्युमेन चालू आहेत की नाहीत हेसुद्धा कळत नाही, आणि मग माणूस दोन हजारवाली उचलतो.

काकांना मी यंदा एक घेऊन दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, बटण दाबलं, 2 ल्युमेन लागले. मला वाटलं आता म्हणतील, एवढाच उजेड? त्यांनी सवयीनं काचेवर बोटं धरली, मग एकेक करून काढली आणि म्हणाले, “ही बरी. हात मोकळो रवलो.”

तर मंडळी, टॉर्चबद्दल अजून काही अडलं असेल तर लिहून पाठवा. फक्त कुठल्या भागात फिरता आणि कुठल्या ऋतूत, तेवढं नक्की लिहा, नाहीतर उत्तर देता येत नाही. पुढच्या भागात भेटू, तेव्हा बोलू रात्री चालताना पायात काय घालायचं त्यावर.